करडे पाकीट आणि काचपट्टी

मुंबईच्या उपनगरी गाडीने रोज जा-ये करणाऱ्या माणसाला रुळांलगतच्या भिंतींवरचा एक शब्द चांगलाच परिचयाचा असतो: 'गुप्तरोग'. शब्द मोठा सोयीचा आहे. रोगाला गुप्त म्हटले की त्याची तपासणीही गुप्त राहते आणि औषध देणाऱ्याला काहीच सिद्ध करून दाखवावे लागत नाही. भिंतीवरचा हकीम दोन प्रश्न विचारतो, पुडी बांधतो, पैसे मोजून घेतो. त्याला आपण भोंदू म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण आपली अधिकृत आरोग्यव्यवस्थासुद्धा गेली सुमारे तीस वर्षे या रोगांवर बव्हंशी न पाहताच औषध देत आली आहे, हे कितीजणांना ठाऊक आहे? तिची औषधे खरी आहेत, तिचा हेतू चांगला आहे, ती रुग्णाला लुबाडत नाही. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. तरीही 'न पाहता' ही गोष्ट उरतेच, आणि तिची किंमत आता वसूल होऊ लागली आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने परम्याच्या जिवाणूबद्दल काही आकडे प्रसिद्ध केले. परमा, म्हणजे डॉक्टर ज्याला गनोरिया म्हणतात तो रोग. ज्या १२ देशांनी २०२४ सालची माहिती पुरवली त्यांत भारतही आहे. या देशांतून गोळा केलेल्या नमुन्यांत सेफिक्झिम या औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत १.७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेले. सेफ्ट्रियाक्झोन या इंजेक्शनाबाबत ते ०.८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर पोचले. एकेकाळी ज्याची एक गोळी पुरत असे ते सिप्रोफ्लॉक्सासिन तर ९५ टक्के नमुन्यांत निकामी ठरले. हे आकडे सगळ्या देशांचे मिळून आहेत, एकट्या भारताचे नाहीत, आणि सर्वांत वाईट स्थिती कंबोडिया व व्हिएतनामची आहे. पण जिवाणूला पासपोर्ट लागत नाही. सल्फा औषधे १९३० च्या दशकात आली आणि दहा वर्षांत हरली, पेनिसिलिनला तोंड देणारे जिवाणू १९७६ मध्ये सापडले, त्यानंतर सिप्रोची पाळी आली. आता हाताशी फार थोडे उरले आहे.

यातले सेफिक्झिम हे नाव लक्षात ठेवावे. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००७ ते २०१२ या काळात, सरकारी रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मधून औषधांची रंगीत पाकिटे देण्याची पद्धत रुजली. एकूण सात रंग. पुरुषाच्या मूत्रमार्गातून किंवा स्त्रीच्या गर्भाशयमुखातून स्राव होत असेल तर करडे पाकीट, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. धुपणीची तक्रार असेल तर हिरवे. जखम असेल तर पांढरे, जखम नागिणीच्या जातीची वाटली तर लाल, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळे. रुग्णाने तक्रार सांगायची, डॉक्टरने तक्त्यावर बाण धरून पुढे जायचे आणि बाण जिथे थांबेल त्या रंगाचे पाकीट हातात द्यायचे. या पद्धतीला लक्षणाधारित उपचार म्हणतात. आपल्या सार्वजनिक व्यवस्थेचा या बाबतीतला कणा आजही तीच आहे.

आता याच रुग्णासाठी दुसरे काय करता आले असते ते पाहू.

मूत्रमार्गातून पू येणारा एक तरुण समोर बसला आहे. त्याच्या स्रावाचा थेंब काचपट्टीवर पसरावा, वाळवावा, ज्योतीवरून फिरवावा. मग जांभळा रंग, त्यावर आयोडीन, मग अल्कोहोलने धुणे आणि शेवटी तांबडा रंग. तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पट्टी सरकवली की प्रथम दिसतात त्या पू-पेशी, तीन-चार पाळ्यांचे केंद्रक असलेल्या. आणि त्यांच्या पोटात गुलाबी ठिपक्यांच्या जोड्या. घेवड्याचे दोन दाणे आतल्या खोलगट बाजू समोरासमोर करून ठेवावेत, तशी प्रत्येक जोडी. एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही. लक्षणे असलेल्या पुरुषात ही तपासणी परम्याच्या १०० पैकी ९५ हून अधिक रुग्णांना अचूक पकडते आणि निरोगी माणसावर खोटा आळ जवळजवळ कधीच घेत नाही. वेळ लागतो दहा मिनिटे. खर्च म्हणाल तर काही थेंब रंगाचा.

पू-पेशी आहेत पण जोड्या नाहीत, असे दिसले तर तेही एक उत्तरच असते. रोग दुसरा आहे, बहुधा क्लॅमिडिया किंवा त्याच्या जातकुळीतला कोणी. मग सेफिक्झिम देण्याचे कारण राहत नाही. एका काचपट्टीने एक प्रतिजैविक वाचते. देशभरच्या दवाखान्यांतून असे वर्षानुवर्षे घडले असते तर जिवाणूला त्या औषधाशी झुंजण्याचा सराव करण्याची संधी कितीतरी कमी मिळाली असती.

ही विद्या काही नवी नाही. आल्बर्ट नायसर या तरुण जर्मन डॉक्टरला ब्रेस्लाऊ येथे हा जिवाणू दिसला तो १८७९ साली. रंगवण्याची पद्धत डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्तियान ग्रॅमने १८८४ मध्ये बर्लिनमध्ये शोधली, आणि गंमत अशी की काही जिवाणू जांभळा रंग धरत नाहीत हा त्याला आपल्या पद्धतीतला उणेपणा वाटला होता. तोच उणेपणा पुढे जगभर जिवाणू ओळखण्याची पहिली पायरी ठरला. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमान यांना गरमीचा जंतू दिसला. त्याच वर्षी मद्रासच्या सरकारी इस्पितळात चार्ल्स डोनोव्हन या डॉक्टरने एका चिवट व्रणातून पेशींच्या आत बसलेले, सेफ्टी पिनसारखे दिसणारे जिवाणू टिपले. तो रोग आज डोनोव्हॅनोसिस म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे या शास्त्राचा एक धडा आपल्याच देशात, आपल्याच रुग्णांच्या काचपट्ट्यांवर लिहिला गेला आहे.

अर्थात या इतिहासाला काळी बाजूही आहे. नायसर शोधण्याच्याही अकरा वर्षे आधी, १८६८ मध्ये, इंग्रज सरकारने हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा आणून वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची शारीरिक तपासणी सुरू केली होती. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून! काय शोधायचे हे तपासणाऱ्यालाही ठाऊक नव्हते, पण कोणाला तपासायचे हे पक्के होते. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. पुढे खुद्द नायसरनेच काही तरुण वेश्यांसह अनेक रुग्णांवर त्यांना न विचारता उपदंशाच्या लसीचे प्रयोग केले. त्यावरून गदारोळ झाला आणि १९०० मध्ये प्रशियाच्या सरकारला रुग्णाच्या संमतीविषयी आदेश काढावा लागला. या रोगांच्या बाबतीत स्त्रीकडे एक तर संशयाने पाहिले गेले, नाही तर पाहिलेच गेले नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

मग एवढे सोपे साधन मागे का पडले? याचे उत्तर देताना लक्षणाधारित पद्धतीवर अन्याय करता कामा नये. १९९० च्या दशकात एड्सचे सावट दाटले होते. जननेंद्रियांवर जखम किंवा दाह असेल तर एचआयव्हीला आत शिरायला वाट मिळते, हे स्पष्ट झाले होते. रुग्ण एकदाच येतो, 'उद्या रिपोर्ट घ्यायला या' म्हटले की तो परत येत नाही, हा जगभरचा अनुभव होता. टांझानियातल्या म्वान्झा भागात खेड्यांतील दवाखान्यांना लक्षणांवरून तात्काळ उपचार करायला शिकवले गेले आणि तिथे एचआयव्हीची नवी लागण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. हा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने वाद मिटवून टाकला. ज्या खेड्यात वीज नाही, तंत्रज्ञ नाही, तिथे तक्ता आणि पाकीट हाच शहाणपणा होता. मूत्रमार्गातून पू येणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत तर तक्ता बऱ्यापैकी बरोबरही येतो.

चूक झाली ती पुढे. जिथे प्रयोगशाळा नाही तिथल्यासाठी काढलेला तोडगा, जिथे प्रयोगशाळा आहे तिथेही नियम होऊन बसला. सरकारी मार्गदर्शिकेत सूक्ष्मदर्शक बाद केलेला नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. ग्रॅमच्या पद्धतीने काच रंगवावी, धुपणीची ओली काच पाहावी, हे सगळे तीत लिहिलेले आहे. फक्त त्याच्याआधी 'सोय असल्यास' असे दोन शब्द आहेत. आपल्याकडे कोणत्याही कागदावर हे दोन शब्द आले की पुढचे वाक्य कोणी वाचत नाही.

आणि सोय खरोखरच नाही काय? क्षयरोग कार्यक्रमाने १९९७ पासून साधारण एक लाख लोकवस्तीमागे एक, आणि आदिवासी व डोंगराळ भागात पन्नास हजारांमागे एक, असे सूक्ष्मदर्शक केंद्र उभे केले. तिथे यंत्र आहे, तेलभिंग आहे, रंगाच्या बाटल्या आहेत, आणि दिवसभर बेडक्यांतून तांबड्या काड्या शोधणारा तंत्रज्ञ आहे. तोच हिवतापाच्या रक्ताच्या काचाही पाहतो. ज्याला रक्तपेशीतला हिवतापाचा परजीवी ओळखता येतो, त्याला पू-पेशीतले घेवड्याचे दाणे ओळखायला किती दिवस लागतील? शिवाय क्षयाचे निदान आता हळूहळू जनुकीय यंत्रांकडे सरकते आहे, त्यामुळे या केंद्रांतले भिंग पुढे रिकामे पडण्याचाच संभव अधिक. थोडक्यात, एका खोलीत डॉक्टर तक्त्यावरचा बाण धरून अंदाज बांधतो आणि पलीकडच्या खोलीत उत्तर देऊ शकणारे यंत्र प्लॅस्टिकचे आच्छादन घालून ठेवलेले असते. मधली भिंत पैशाची नाही. ती दोन कार्यक्रमांच्या दोन वेगळ्या रजिस्टरांची आहे, आणि थोडी लाजेचीही. बेडका तपासायला कोणी नाक मुरडत नाही, हा स्राव तपासायला मुरडतात.

हे झाले पुरुषांचे. खरा प्रश्न स्त्रियांचा आहे, आणि तिथे पाकीट व काचपट्टी दोघांचीही परीक्षा होते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिने जगभरच्या आरोग्य धोरणकर्त्यांना खडबडून जागे केले, याचा अभिमान मराठी माणसाने जरूर बाळगावा, पण आकडे मात्र अभिमानाचे नाहीत. १०० पैकी ९२ स्त्रियांना जननेंद्रियांचा एक तरी आजार होता, आणि त्या आजारांत निम्मा वाटा जंतुसंसर्गाचा होता. तक्रार मात्र ५५ जणींचीच होती. उरलेल्या ४५ जणींचे म्हणणे, आम्हाला काही होत नाही. आता लक्षणाधारित तक्त्यासमोर या ४५ जणींना उभे करून पाहा. तक्ता सुरूच होतो 'तक्रार काय?' या प्रश्नाने. त्यांच्यासाठी त्यात बाणच नाही.

ज्या तक्रार घेऊन येतात त्यांचेही धड होत नाही. 'अंगावर पांढरे जाते' असे एखादी बाई संकोचत सांगते तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा परमा नसतोच. कधी बुरशी असते, कधी योनीतल्या नेहमीच्या जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो. हा दुसरा बिघाड भिंगाखाली फार छान दिसतो. योनीच्या अस्तराची मोठी चपटी पेशी आणि तिच्यावर कडेपर्यंत दाटून चिकटलेले जिवाणू, भोगीच्या बाजरीच्या भाकरीला तीळ लावावेत तसे. ओल्या काचेत कधी शेपट्या हलवत पळणारा ट्रायकोमोनास दिसतो. तो जिवाणू नव्हे, परजीवी आहे. तिन्हींना औषधे वेगळी, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याला काय सांगायचे तेही वेगळे. बुरशी झालेल्या बाईला 'तुमच्या मालकांनाही घेऊन या, हा त्या प्रकारचा आजार असू शकतो' असे अंदाजाने सांगितले तर तिच्या घरात संध्याकाळी काय होते, हे तक्ता छापणाऱ्याला दिसत नाही. संशय बाईवरच येतो, मग रोग कोणीही आणलेला असो, किंवा मुळात नसो.

इथे शास्त्रही स्थिर नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. जिवाणूंचा तोल बिघडण्याच्या या विकारात नवऱ्यावर उपचार करण्याची गरज नाही, असे कित्येक वर्षे शिकवले गेले. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत जोडीदारावरही उपचार केले तेव्हा बारा आठवड्यांत विकार उलटण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले. म्हणजे नवऱ्याला बोलवावे लागेलच, पण काय आहे ते पाहून, सांगण्याजोगे नाव देऊन.

आणि आता सूक्ष्मदर्शकाची मर्यादा. जो माणूस त्याची बाजू मांडतो त्यानेच ती सांगायला हवी. परमा झालेल्या पुरुषात ९५ हून अधिक वेळा दिसणाऱ्या त्या जोड्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या स्रावात जेमतेम निम्म्या वेळा दिसतात. तिथे इतर जिवाणूंची इतकी गर्दी असते की डोळा फसतो. घशातल्या संसर्गात तर त्या जातीचे निरुपद्रवी भाऊबंद आधीच वस्तीला असल्याने काच पाहून उपयोग नाही. गरमीचा जंतू इतका बारीक की साध्या प्रकाशात तो दिसतच नाही. त्यासाठी बाजूने प्रकाश टाकून काळोख्या पार्श्वभूमीवर पाहावे लागते, अंधाऱ्या खोलीत कवडशातले धुळीचे कण दिसावेत तसा तो वळवळताना दिसतो. ती कला जाणणारे आता फार थोडे उरले. गरमीसाठी रक्ताची तपासणी आहे आणि गरोदर स्त्रियांची ती झालीच पाहिजे, कारण वेळीच दिलेले पेनिसिलिनचे इंजेक्शन पोटातले मूल वाचवते. २०२२ मध्ये जगात १५ ते ४९ वयोगटात या रोगाचे ८० लाख नवे रुग्ण झाले, आदल्या आकड्याहून दहा लाखांनी अधिक, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सांगितले. गरमी गेली असे समजणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

सर्वांत हुलकावणी देतो तो क्लॅमिडिया. पेशीच्या आत लपणारा, ग्रॅमच्या रंगाला न दिसणारा. बहुसंख्य स्त्रियांना त्याची काहीच लक्षणे नसतात. तो मुकाट्याने वर चढतो, गर्भनलिकांना व्रण पाडतो, आणि पाच-सात वर्षांनी 'मूल होत नाही' म्हणून सासरची माणसे बाईला बाबा-बुवांकडे नेतात. २०२० या एका वर्षात जगात याचे १२ कोटी ९० लाख नवे संसर्ग झाले असा अंदाज आहे, परम्याचे ८ कोटी २० लाख. क्लॅमिडियापुढे पाकीटही आंधळे आणि काचपट्टीही आंधळी.

याला उपाय आहे तो जनुकीय तपासणीचा. २०२१ च्या मार्गदर्शिकेत जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच दिवशी निकाल मिळत असेल तर अशा तपासणीवर भर द्यावा, अन्यथा लक्षणांवर जावे, असे म्हटले आहे. मोठ्या शहरांतल्या खासगी प्रयोगशाळांत ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला ही तपासणी आजच मिळते. सरकारला ती परवडणार नाही, असे म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. क्षयरोगासाठी आणि पुढे कोविडसाठी अशी यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली आहेत. त्यांतले एक, ट्रूनॅट, आपल्या शेजारच्या गोव्यातच तयार होते. दुसरे, जीनएक्स्पर्ट, त्यात परमा आणि क्लॅमिडिया दोन्ही एकाच वेळी ओळखणारे कार्ट्रिज घातले की सुमारे दीड तासात उत्तर देते. यंत्र आहे, वीज आहे, चालवणारा आहे. कार्ट्रिज महाग आहे हे खरे, म्हणूनच ते सरसकट न वापरता जिथे भिंग थकते तिथे वापरायचे: गर्भाशयमुखाचा दाह असलेल्या, गरोदर असलेल्या, मूल होत नाही म्हणून आलेल्या स्त्रियांसाठी. पुरुषाचा पू, धुपणीची ओली काच, हे भिंगाने करावे. तो रुग्ण समोर बसला असतानाच होते. आणि औषध देऊनही ज्याचा पू थांबत नाही, त्याचा नमुना वाढवून पाहण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावा, कारण जिवाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे काचपट्टीही सांगत नाही आणि कार्ट्रिजही. नमुना घ्यायची सवयच मोडली तर प्रतिकाराचे आकडे येणार कुठून?

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कोणत्याही यंत्राने सुटणारी नाही. स्त्रीची तपासणी करायची तर तिला टेबलावर झोपवावे लागते, दिवा लागतो, निर्जंतुक केलेले स्पेक्युलम लागते, दाराला कडी आणि खिडकीला पडदा लागतो, आणि शक्यतो तपासणारी स्त्री असावी लागते. करडे किंवा हिरवे पाकीट टेबलापलीकडून देता येते, त्याला यातले काहीच लागत नाही. त्याच्या लोकप्रियतेचे हेही एक कारण आहे, आणि ते कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते. गडचिरोलीतल्या त्या ६५० जणींपैकी त्यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.